चिन्नोरला पारखी हवा



भंडारा जिल्ह्यात कॉफी पिकत नाही. विदर्भात कॉफीचं झाड पाहायचं तर मेळघाटात चिखलदऱ्यापर्यंत जावं लागतं. तरी धानाच्या या मुलखात आज मी कॉफीच्या छोट्या शेतकऱ्यांविषयी बोलणार आहे, कारण माझ्या मनात चिन्नोर आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी उभं आयुष्य गावच्या सेवा सहकारी सोसायटीत घातलं. सोसायटीने खत आणावं, कर्ज वाटावं आणि वसूल करावं, एवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं. सोसायटीने सभासदाचा माल विकला पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. तोच धागा धरून बोलतो.

चिन्नोर म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण आजचं व्याख्यान छापलं जाणार आहे आणि ते पुण्या-मुंबईचेही लोक वाचतील, म्हणून थोडं सांगतो. हा भारी धान. म्हणजे हलका आणि मध्यम धान कापून, चुरून घरी आला तरी हा बांधीत उभाच असतो. उंच वाढतो, ओंबी भरली की लोळतो. त्याला शेवटपर्यंत पाणी लागतं. ज्याची बांधी मामा तलावाच्या, म्हणजे माजी मालगुजारी तलावाच्या, खाली आहे किंवा ज्याच्या बोडीत दिवाळीनंतरही पाणी टिकतं, त्यालाच तो परवडतो. दाणा भरताना रात्री थंड असल्या तर सुगंधी धानाचा वास चांगला धरतो, हे शास्त्रज्ञांनीही सांगितलं आहे आणि आपल्या आजोबांनाही ठाऊक होतं. उतारा मात्र कमी. आता ‘भंडारा चिन्नोर’ या नावाने त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. सत्कार झाले, बातम्या आल्या. आणि एवढं होऊनही गावागावांत चिन्नोर किती उरलाय? घरच्यापुरता, पाहुण्यांपुरता, लेकीच्या घरी पाठवण्यापुरता. एखादी बांधी.

असं का झालं, ते हिशेबाने पाहू. 2025-26 च्या हंगामात साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलला 2,369 रुपये होता. समजा, एखाद्याला ठोकळ धान हेक्टरी 40 क्विंटल झाला, तर त्याचे 94,760 रुपये झाले, बोनस वेगळा. त्याच जमिनीत चिन्नोर समजा 20 क्विंटल झाला. मग नुसती बरोबरी साधायला त्याला क्विंटलमागे 4,738 रुपये मिळायला हवेत. एका क्विंटलमधून अखंड तांदूळ 50 किलो निघाला असं धरलं, तर तांदळाच्या किलोमागे धानाचेच 95 रुपयांच्या आसपास झाले. कणी-कोंड्याचे पैसे त्यातून वजा करा आणि भरडाई, पोतं, हमाली, गाडीभाडं त्यात मिळवा. म्हणजे शंभराच्या वर भाव देणारं गिऱ्हाईक असेल तरच चिन्नोर जगतो. ते गिऱ्हाईक देशात आहे आणि देशाबाहेरही आहे. प्रश्न एवढाच आहे की त्याचा आपल्यावर भरवसा का बसावा?

इथे मला कॉफीकडे वळायचंय.

जगातली बरीचशी कॉफी छोटे शेतकरी पिकवतात. त्यांचा भाव न्यूयॉर्क आणि लंडनच्या बाजारात ठरतो. तिथे कॉफीला गाव नसतं, बाग नसते. ती नुसती कॉफी असते. आंतरराष्ट्रीय कॉफी करारामुळे देशांना निर्यातीचे कोटे ठरवून दिलेले होते, तोवर भावाला थोडा टेकू होता. 1989 च्या जुलैत ती कोटापद्धत मोडली. पुढच्या बारा वर्षांत भाव इतका घसरला की 2001 मध्ये अरेबिका पौंडाला अर्ध्या डॉलरच्याही खाली गेली. मध्य अमेरिकेत लोकांनी मळे सोडून शहरं गाठली. आपल्याकडे कॉफी बोर्डाची एकत्रित खरेदी नव्वदच्या दशकात टप्प्याटप्प्याने उठली, आणि कर्नाटक-केरळच्या लहान बागायतदारांनाही त्या पडत्या भावाची झळ बसली.

त्याच वर्षांत रवांडा या आफ्रिकेतल्या छोट्याशा देशात एक गोष्ट घडली. 1994 च्या नरसंहारात तो देश होरपळून निघाला होता. दक्षिणेकडच्या मराबा भागात विधवा, अनाथ झालेली कुटुंबं आणि इतर शेतकरी यांनी मिळून 1999 मध्ये एक सहकारी संस्था काढली. झाडं जातिवंत होती, बोर्बन वाणाची. डोंगर उंच, माती चांगली. तरी त्यांची कॉफी जगात कवडीमोल. कारण फळ तोडल्यावर जो तो आपापल्या अंगणात गर काढायचा, जमेल तसं वाळवायचा आणि दलालाच्या पोत्यात सगळ्यांचं सगळं एकत्र व्हायचं. रवांडाचं राष्ट्रीय विद्यापीठ आणि अमेरिकेतली दोन विद्यापीठं मदतीला आली. 2001 मध्ये मराबात कॉफी धुण्याचं केंद्र उभं राहिलं. शेतकऱ्याने पिकलेली लाल फळं तेवढी आणायची, ती त्याच दिवशी सोलायची, पाण्यात धुवायची, जाळीच्या उंच मांडवांवर पसरायची आणि बायांनी बसून वाईट दाणा हाताने वेचून काढायचा. 2002 मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानाच्या एका भट्टीवाल्याने तो माल उचलला. 2003 मध्ये मराबाची कॉफी मराबाच्याच नावाने ब्रिटनमधल्या सेन्सबरीज या मोठ्या दुकानसाखळीत विकायला लागली.

ही गोष्ट सांगताना बहुतेक लोक केंद्राच्या इमारतीवर थांबतात. मला महत्त्वाची वाटते ती चव घेण्याची खोली. तिथल्या बहुतेक शेतकऱ्यांनी आपली कॉफी आयुष्यात कधी चाखली नव्हती. पीक विकायचं असतं, प्यायचं नसतं, अशीच त्यांची समजूत. आणि चाखल्याशिवाय दोष कसा कळणार? त्या भागातल्या कॉफीत एक खास दोष येतो. एका किडीमुळे दाण्यात कच्च्या बटाट्याचा वास शिरतो. वरून दाणा बहुधा निर्दोष दिसतो. भाजला, दळला, पाणी ओतलं, की कळतं. एक वाईट दाणा सगळा कप घालवतो. लंडनच्या खरेदीदाराला तो कप आधी लागला, तर पुढच्या वर्षी तो येत नाही. तो दोष गावातच, गावच्या माणसाला आधी कळला पाहिजे. म्हणून त्या प्रकल्पात गावातल्या तरुण मुला-मुलींना चव घ्यायला शिकवलं.

हे चव घेणं कसं चालतं ते जरा बारकाईने सांगतो, कारण आपल्याला तेच करायचंय. एका लॉटचे पाच पेले मांडतात. प्रत्येकात सव्वाआठ ग्रॅम ताजी दळलेली कॉफी. आधी नुसता कोरड्या पुडीचा वास घ्यायचा. मग उकळीच्या जरा खालचं दीडशे मिलिलिटर पाणी ओतायचं आणि हात न लावता तीन ते पाच मिनिटं थांबायचं. वर जाडसर साय धरते. पेल्यावर वाकून, नाक जवळ नेऊन चमच्याने ती साय मोडायची. त्या क्षणी जो वास उसळतो तो टिपायचा. मग चमचाभर कॉफी जोरात आवाज करत ओढायची, म्हणजे ती तोंडभर पसरते. गरम असताना एकदा, कोमट झाल्यावर एकदा, निवल्यावर पुन्हा. वास, आंबटपणा, गोडी, तोंडात राहणारी चव, पाचही पेले सारखे आहेत का, या सगळ्याला वेगवेगळे गुण. शंभरपैकी ऐंशी आणि वर मिळाले तर ती खास कॉफी, अशी रूढ मोजणी. पेल्यावर नाव नसतं, फक्त क्रमांक. कोणाचा लॉट आहे हे चाखणाऱ्याला ठाऊक नसतं.

रवांडाने हे असं धरून ठेवलं की 2008 मध्ये ‘कप ऑफ एक्सलन्स’ ही चवीची स्पर्धा आफ्रिकेत प्रथम भरली ती त्याच देशात. भाव मागण्याची ताकद त्यांना तिथून आली. समोरचा म्हणाला, “तुमचा माल अठ्ठ्याहत्तर गुणांचा,” तर सोसायटीचा माणूस म्हणू शकतो, “आम्ही चाखलाय, चौऱ्यांशीचा आहे. तुम्ही पुन्हा चाखा.”

आता आपल्याकडे या. आपला धान पारखतो कोण? व्यापारी मूठभर धान उचलतो, तळहातावर चोळतो, फोलपट फुंकरीने उडवतो आणि एक दाणा दाताखाली धरतो. कट् आवाज आला तर वाळला, नाही तर ओला. दोन-चार तुटके दाणे दिसले की मान हलवतो. तेवढ्यात वर्षाचा भाव ठरतो, आणि तेवढा वेळ शेतकरी बाजूला गप्प उभा असतो. आधारभूत खरेदी केंद्रावर आर्द्रतामापक आहे. 17 टक्क्यांच्या आत ओल असली की झालं. ते केंद्र गरजेचंच आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. जिल्ह्याची चूल त्यावर चालते. पण तिथे धानाच्या प्रती दोनच, साधारण आणि ‘अ’. वासाला रकाना नाही. चिन्नोर तिथे नेला की त्याचं चिन्नोरपण पोत्याच्या तोंडाशीच संपतं.

मिलचंही तसंच. आपल्याकडच्या राईस मिल मोठ्या प्रमाणावर सरकारी धानाची भरडाई करतात. क्विंटलमागे 67 किलो तांदूळ परत द्यायचा, हे त्यांचं गणित. त्या गणितात वेग लागतो, वजन लागतं. चिन्नोरला वेगळी काळजी लागते. कापणीनंतर कडपा दवात भिजल्या आणि उन्हात तापल्या, असं दोन-चारदा झालं की दाण्याला आतून चीर जाते आणि मिलमध्ये त्याची कणी होते. कडक उन्हात डांबरी रस्त्यावर वाळवला तर कणीही वाढते आणि वासही उडतो. ज्या द्रव्यामुळे सुगंधी तांदळाला वास येतो ते उडून जाणारं आहे. उष्णतेने आणि साठवणीत ते कमी होत जातं. जुने लोक धान ढोलीत ठेवत आणि लागेल तेवढाच भरडून आणत, त्यात मोठं शहाणपण होतं. कॉफीवालेही तेच करतात. बियांवरचं पातळ टरफल निर्यातीच्या तोंडावर काढतात, आधी नाही.

पारख ज्याच्या हाती, भाव त्याच्या हाती. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे आणि बाकीचं व्याख्यान त्याचा पुरावा आहे.

नावाबद्दल बोललं पाहिजे, कारण मानांकन मिळालं म्हणजे काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. इथिओपिया ही कॉफीची जन्मभूमी. हरार, सिदामो, यिर्गाचेफे ही तिथल्या भागांची नावं जगभर महाग पाकिटांवर छापली जात आणि त्यातलं शेतकऱ्याकडे फार थोडं पोचे. 2005 मध्ये इथिओपिया सरकारने अमेरिकेत या नावांचे व्यापारचिन्ह म्हणून हक्क मागितले. तिथल्या कॉफी व्यापाऱ्यांच्या संघटनेने विरोध केला, स्टारबक्सशी जाहीर वाद झाला, आणि 2007 मध्ये करार होऊन ती नावं इथिओपियाची असल्याचं कंपनीने मानलं. त्यांनी भौगोलिक मानांकनाची वाट का धरली नाही, हे आपल्याला उपयोगाचं आहे. मानांकन म्हटलं की प्रत्येक पोतं त्याच भागातलं आहे हे तपासणारी यंत्रणा हवी. लाखो तुकड्यांवर विखुरलेल्या शेतीत ती कोण चालवणार? म्हणून त्यांनी व्यापारचिन्ह घेतलं. आपण मानांकन घेतलं आहे. म्हणजे ती यंत्रणा उभी करण्याची जबाबदारी आपण अंगावर घेतली आहे. त्यात प्रत्येक शेतकऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करायची असते; शुल्क अगदी नाममात्र आहे. आपल्यापैकी किती जणांनी ती केली आहे, हे प्रत्येकाने मनाशी तपासावं.

नाव मोठं झालं आणि नाव देणाऱ्याच्या हाती काही आलं नाही, याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. नागभीड तालुक्यातल्या आपल्या तुटपुंज्या जमिनीत त्यांनी 1983 पासून वेगळ्या ओंब्या निवडल्या, जपल्या, वर्षानुवर्षं पेरून पाहिल्या, आणि एचएमटी हे वाण दिलं. घड्याळावरून पडलेलं ते नाव आज देशातल्या प्रत्येक किराणा दुकानात आहे. 2018 मध्ये दादाजी गेले. सन्मान पुष्कळ मिळाले. एचएमटीच्या प्रचंड उलाढालीतलं त्यांच्या घरात काय आलं, ते झाडीपट्टीत सगळ्यांना माहीत आहे. आंबेमोहराचं तसंच. त्या नावाने शहरात विकल्या जाणाऱ्या पुष्कळ तांदळाने मुळशी-मावळ पाहिलेलंच नसतं. गिऱ्हाईक फसतं, कारण चाखून सांगणारं कुणी नाही.

आपल्यापुढे आणखी एक प्रश्न आहे. वैनगंगा शिवनीत उगम पावते, बालाघाटातून वाहत आपल्याकडे येते. त्या बालाघाटच्या चिन्नोरलाही 2021 मध्ये स्वतंत्र मानांकन मिळालं आहे. एकच नदी, एकच नाव, दोन राज्यं. उद्या दिल्लीचा किंवा दुबईचा खरेदीदार विचारेल, “दोघांत फरक काय?” त्याला आपण नकाशा दाखवणार का? त्याला सांगता आलं पाहिजे की साकोली-लाखनीकडच्या तलावाखालचा चिन्नोर शिजल्यावर असा लागतो, पवनीकडचा असा लागतो. फरक नसेल तर तेही प्रामाणिकपणे सांगता आलं पाहिजे, आणि मग बालाघाटच्या शेतकऱ्यांशी भांडण्यापेक्षा त्यांच्याशी मिळून विकणं शहाणपणाचं ठरेल. पण हे ठरवायला आधी जीभ तयार हवी.

आपल्याच देशातलं अराकूचं उदाहरण थोडक्यात सांगतो. विशाखापट्टणमच्या वरच्या डोंगरांत आदिवासी शेतकऱ्यांच्या छोट्या-छोट्या बागा आहेत. नांदी फाउंडेशनच्या मदतीने त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. तिथे दरवर्षी शेतकऱ्यांच्या कॉफीची स्पर्धा भरते, बाहेरचे चाखणारे येतात, उत्तम लॉट निवडले जातात. 2017 मध्ये पॅरिसमध्ये ‘अराकू’ या नावाचं दुकान उघडलं. मानांकन आलं 2019 मध्ये. क्रम लक्षात घ्या: आधी चव, मग गिऱ्हाईक, मग सरकारी शिक्का. आपण शिक्क्यापासून सुरुवात केली आहे. हरकत नाही, पण उरलेली दोन कामं व्हायची आहेत.

सगळ्यात अवघड काम आता सांगतो. सोसायटीला आपल्याच सभासदाचा माल नाकारता आला पाहिजे. विदर्भात 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना चालली. तिच्या केंद्रांवर प्रतवारीवरून काय-काय वाद होत, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. ओळखीच्या माणसाचा कापूस, पुढाऱ्याच्या शब्दाचा कापूस एकदा वरच्या प्रतीत गेला, की प्रतवारीला अर्थ उरत नाही. चांगला माल आणणारा मुकाट्याने दुसरीकडे जातो. चांगल्या मालाचा शेतकरी गेला की संस्थेत राहतं ते फक्त नुकसान.

नाशिक-सांगलीचे द्राक्षवाले हा धडा फार किंमत मोजून शिकले. 1991 मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून महाग्रेप्स काढली. सुरुवातीचा माल युरोपात नाकारला गेला, खर्च अंगावर आला, अनेक संस्था बाहेर पडल्या. उरलेल्यांनी पूर्वशीतकरण बसवलं, मण्यांच्या आकाराची, गोडीची मापं ठरवली आणि जो माल मापात नाही तो घेतला नाही. पुढे कीडनाशकाच्या अंशावरून नेदरलँड्समध्ये माल अडकला, तेव्हा अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेने ग्रेपनेट ही व्यवस्था आणली: प्रत्येक बागेची नोंद, प्रत्येक बागेचा नमुना प्रयोगशाळेत, खोक्यावरच्या क्रमांकावरून थेट प्लॉटपर्यंत माग. तरी 2010 मध्ये एका वाढरोधकाचे अंश सापडून पुन्हा मोठा फटका बसला. नव्या मापाप्रमाणे तपासणी वाढवली आणि निर्यात चालू राहिली. हे सगळं मराठी शेतकऱ्यांनी केलं आहे. म्हणून ‘आपल्याच्याने होणार नाही’ हे मी ऐकून घेणार नाही.

नकार पचायचा असेल तर पैशाची बाजू सरळ हवी. हंगामात शेतकऱ्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज, पोरीचं लग्न, कृषी केंद्राची उधारी असते. चुरणी झाली की त्याला पैसा हातात लागतो. सोसायटी म्हणाली “विकल्यावर देऊ,” तर तो थांबणार नाही आणि त्याने थांबू नये. इथिओपियात ओरोमियाच्या कॉफी संघाने, जो 1999 मध्ये निघाला, माल घेतानाचे पैसे वेगळे आणि विकल्यानंतरचा वाटा वेगळा, अशी पद्धत ठेवली. नफ्यातले 70 टक्के तो प्राथमिक संस्थांना परत देतो. साखर कारखान्याची पहिली उचल आणि पुढचा हप्ता आपल्याला ठाऊकच आहे. चिन्नोरसाठीही पहिली उचल ठोकळ धानाच्या आधारभूत भावाच्या वर असली पाहिजे आणि दुसरा हप्ता चाखणीच्या गुणांवर. ज्याच्या लॉटला जास्त गुण, त्याला जास्त हप्ता, आणि ते आकडे सोसायटीच्या फळ्यावर सगळ्यांना दिसतील असे. खेळतं भांडवल कुठून आणायचं? पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. मालाच्या किमतीच्या पाऊण हिश्शापर्यंत सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी रक्कम मिळते. धान ठेवायला कोरडी गोदामं मात्र लागतील, आणि चिन्नोर ठोकळ धानाच्या थप्पीला लागून ठेवायचा नाही.

परदेशी खरेदीदार काय विचारतो, याचीही कल्पना असू द्या. पहिला प्रश्न फवारणीचा. मानमोडी आणि करप्यावर आपण ट्रायसायक्लाझोल मारतो. युरोपीय संघाने 2017 च्या अखेरपासून तांदळातली त्याची मर्यादा किलोला 0.01 मिलिग्रॅमवर आणली. बासमतीवाल्यांचे कंटेनर त्यावरून अडकले. म्हणजे ज्या बांधीत चिन्नोर निर्यातीसाठी लावायचा, तिथे रोवणीच्या आधीच ठरवलं पाहिजे की काय फवारणार, आणि शेजारच्या बांधीवरून काय उडून येणार. दुसरा प्रश्न भेसळीचा. बियाणं निवडलेलं हवं; निसवताना बांधीत फिरून वेगळी झाडं उपटून टाकायला हवीत. तिसरा प्रश्न आपल्या हातात नसतो, तो सरकारी धोरणाचा. 20 जुलै 2023 ला केंद्राने बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि ती 2024 च्या सप्टेंबरात उठली. त्या काळात मानांकनाचे सुगंधी तांदूळही त्याच कुलपात अडकले, कारण सीमाशुल्काच्या यादीत त्यांना वेगळा क्रमांकच नव्हता. उत्तर प्रदेशच्या काळा नमक तांदळाला हजार टनांची खास सूट घ्यावी लागली. 1 मे 2025 पासून मानांकनाच्या तांदळाला स्वतंत्र क्रमांक मिळाला आहे. ही बातमी आपल्याकडे फारशी कुणी वाचली नाही, पण चिन्नोरच्या दृष्टीने ती मोठी आहे. पुढे कधी बंदी आली तर वेगळा विचार करा, असं म्हणायला आता आधार आहे.

एक कंटेनर म्हणजे साधारण 25 टन तांदूळ. मघाच्याच हिशेबाने त्याला 500 क्विंटल चिन्नोर धान लागेल, म्हणजे 25 हेक्टर. घरटी अर्धा एकर धरला तर सव्वाशे घरं. दोन-तीन गावं मिळून हे जमतं. पण पहिल्या वर्षी कंटेनरच्या मागे लागू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पहिलं गिऱ्हाईक नागपूरला आहे, दुसरं पुण्याला. परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलांच्या तोंडी ही चव लहानपणापासून आहे. ती नंतरची पायरी. लहान पाकीट, त्यावर गावाचं आणि सोसायटीचं नाव, भरडाईची तारीख आणि लॉटचा क्रमांक. गिऱ्हाइकाने तक्रार केली तर त्या क्रमांकावरून कोणत्या बांधीचा माल होता हे एका तासात सांगता आलं पाहिजे. हे नागपूरला जमलं की रॉटरडॅमला जमेल.

आणि चाखणार कोण? माझं उत्तर ठरलेलं आहे. बाया. रोवणी त्यांची, चूलही त्यांची. कोणत्या बांधीचा तांदूळ नव्यात गचका होतो, कोणता जुना झाल्यावर सुटतो, कोणत्या गंजात किती पाणी, हे त्यांना सांगावं लागत नाही. रवांडातल्या शेतकऱ्यांना चवीची ओळखच करून द्यावी लागली. आपल्या बायांकडे ती पिढ्यान् पिढ्या आहे, तिला फक्त वही आणि मोजमाप द्यायचंय. प्रत्येक गावच्या बचत गटातून चार-पाच जणींनी पुढे यावं. सारखं माप, सारखं पाणी, सारखी आच. झाकण काढताना येणारा वास, दाण्याचा मऊपणा, निवल्यावर भात कसा राहतो, याला गुण. साकोलीच्या कृषी संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी त्यांना बसवून हे शिकवावं आणि त्यांच्याकडून चार गोष्टी शिकाव्यात. त्यांच्या सहीशिवाय एकही पोतं चिन्नोर म्हणून बाहेर जाऊ नये. सभासद कितीही मोठा असो.

आज सुरुवात करूनच जाऊ. संयोजकांना मी आधीच विनंती केली होती, आणि गावच्या गटातल्या बायांनी ती मनावर घेतली. मागच्या व्हरांड्यात पाच पातेली मांडली आहेत. त्यांवर फक्त क्रमांक आहेत. दोनमध्ये भंडाऱ्याचा चिन्नोर आहे, दोन वेगळ्या गावांचा, एकात बालाघाटचा, एकात एचएमटी, आणि एक बाजारातून चिन्नोर म्हणून विकत आणलेलं पाकीट. बाजूला चिठ्ठ्या आणि पेन्सिली आहेत. आधी वास घ्या, मग नुसता भात खा, वरण नंतर मिळेल. कोणत्या क्रमांकात काय वाटलं ते लिहा, खाली आपल्या गावाचं नाव टाका आणि चिठ्ठी दाराशी बसलेल्या ताईंच्या डब्यात टाका. सगळ्या चिठ्ठ्या झाल्या की त्याच उत्तरं वाचून दाखवतील. चला, भात निवायच्या आत उठू या.